पेट्राची पायपीट आणि पाण्याची बाटली

“डॉक्टर, आम्ही जळगावची माणसं. ऊन आम्हाला काय नवीन?” परवा दवाखान्यात एक निवृत्त मुख्याध्यापक मला म्हणाले. सरांचे वय ६८, रक्तदाबाची गोळी चालू. बाईही शिक्षिकाच होत्या, त्यांना बारा वर्षांचा मधुमेह आणि रोज दोन वेळा इन्शुलिन. दोघे सहलीबरोबर जॉर्डनला निघाले आहेत. सरांचा प्रश्न एवढाच होता की, जुलाबाची गोळी कोणती न्यावी. ती लिहून दिली. पण खरे बोलायचे होते ते वेगळेच.

आपण उन्हात राहतो हे खरे, पण भर दुपारी आपण चालतो का? मे महिन्यात बाराच्या पुढे आपण दार लोटून, कूलर लावून पडून राहतो. पेट्रात तसे चालत नाही. प्रवेशद्वारापासून ‘सिक’ नावाच्या घळीच्या तोंडापर्यंत पाऊण किलोमीटर, मग उंच कड्यांमधली ती अरुंद घळ सव्वा किलोमीटर, आणि तिच्या टोकाला डोंगरात कोरलेला सुमारे ४० मीटर उंचीचा तो प्रसिद्ध ‘खजिना’. तिथून पुढे थडगी, रंगमंडळ, आणि सर्वांत वर ‘मठ’, त्याला आठशेच्या वर पायऱ्या. सगळे पाहायचे तर जाऊन-येऊन आठ किलोमीटर सहज होतात, आणि परतीची वाट चढाची. शिवाय शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि ऊन सुटले की काही आठवड्यांत ती मोडते. हिवाळ्यानंतर मार्चमध्ये जाणाऱ्याने गेल्या उन्हाळ्याचा भरवसा धरू नये.

कोरड्या हवेतला खरा धोका म्हणजे घाम दिसत नाही. तो येतो आणि क्षणात उडून जातो, सदरा कोरडाच राहतो. म्हातारपणी तहानही उशिरा लागते. म्हणून तहानेची वाट न पाहता चालताना तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी घोट-घोट घ्यावे, आणि लघवीचा रंग पाहावा. ती गडद पिवळी झाली की पाणी कमी पडते आहे. नुसते पाणीच ढोसणेही बरे नाही, सोबत खारे काही खावे किंवा जलसंजीवनीची पुडी न्यावी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. (चमचा चहाचा!) हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर तिच्याबद्दलही निघण्यापूर्वीच विचारावे. मनानेच बंद करू नये.

चालता चालता कोणी असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग तापले, तर तो उष्माघात समजावा. सावलीत निजवून कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि मदत बोलवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

गंमत म्हणजे हे शहर वसवले ते पाण्याच्या जाणकारांनी. नबातियन लोकांनी सिकच्या भिंतीत पाट कोरले, मातीचे नळ बसवले, हौद खोदले आणि पुराचे पाणी वळवायला बांध घातला. पुढे तो बांध निकामी झाला. एप्रिल १९६३ मध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात याच घळीत वीसहून अधिक फ्रेंच प्रवासी बुडाले, मगच नवा बांध झाला. नोव्हेंबर २०१८ च्या पुरातही पेट्रातून प्रवाशांना बाहेर काढावे लागले. तेव्हा आभाळ भरले आणि पहारेकऱ्याने परत फिरा म्हटले, की फोटोसाठी रेंगाळू नये.

बाईंना मी वेगळे बसवून सांगितले. इन्शुलिन विमानात हातातल्या पिशवीत ठेवा; खालच्या सामानात ते गोठू शकते आणि गोठलेले पुन्हा वापरता येत नाही. उन्हात उभ्या असलेल्या बसमध्येही ठेवू नका. जास्त चालण्याने साखर उतरते, म्हणून खिशात ग्लुकोज किंवा खडीसाखर हवीच. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, वादी रमच्या तापलेल्या वाळूत अनवाणी चालण्याचा मोह टाळा. बूट नवे नकोत, दोन महिने वापरलेले हवेत. रोज रात्री तळपाय पाहा. वादी रमला तंबूत मुक्काम असेल तर स्वेटरही घ्या. वाळवंटात दिवस मावळला की गारठा पडतो.

आता मृत समुद्र. समुद्रसपाटीपासून ४३० मीटरहून अधिक खाली असलेल्या या पाण्यात नेहमीच्या समुद्राच्या जवळजवळ दहापट क्षार आहेत. माणूस बुडत नाही म्हणतात, ते अर्धेच खरे. उताणे पडले तर तरंगता. पालथे झालात तर पाय वर उसळतात, तोंड पाण्यात जाते आणि पुन्हा उलटणे जमत नाही. ते पाणी पोटात गेले तर रक्तातले कॅल्शियम व मॅग्नेशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. बरे वाटत असले तरी घोट गिळणाऱ्याला इस्पितळात न्यावे. आत दहा-पंधरा मिनिटे पुरेत. आदल्या दिवशी दाढी नको, डोळ्यांत थेंब गेल्यास लगेच गोड्या पाण्याने धुवावे.

निघताना सरांनी विचारले, “मठाच्या पायऱ्या गाढवावरून चढलो तर?” मी नको म्हटले. घसरड्या दगडांवरून या वयात पडणे म्हणजे खुब्याचे हाड. खजिन्यापर्यंत विजेवरच्या गाड्या जातात, येताना तरी ती घ्या.

“मग मठ राहिलाच की!”

“ते खजिन्यापाशी पोचल्यावर ठरवा,” मी म्हटले, “सकाळी लवकर गेलात तर.” बाई म्हणाल्या, “मी खालीच चहा घेत बसेन. यांना काय ते चढू दे.”