जखमी माणसाचा पहिला तास

भातखाचराचा बांध फुटला की आपण काय करतो? दगड, चिखल, पेंढा, हाताला लागेल ते टाकून भगदाड बुजवतो. पण खेकड्यांनी तोच बांध आतून पोखरायला घेतला, तर रात्री बुजविलेले सकाळी वाहून गेलेले दिसते. अपघातात सापडलेल्या माणसाच्या अंगातही पुष्कळदा असाच प्रकार घडतो, हे ऐकून आपल्याला नवल वाटेल.

शीर तुटली की रक्तात बारीक, चिवट तंतूंचे जाळे तयार होते, त्यात रक्ताचे कण अडकतात आणि गुठळी धरून भोक बुजते. आता हे जाळे कायमचे राहून चालत नाही. जखम भरत आली की ते विरघळले पाहिजे, आणि त्यासाठी प्लाझ्मिन नावाचे द्रव्य शरीर स्वतःच तयार करते. एरवी हा कारभार बिनबोभाट चालतो. पण ट्रॅक्टर उलटला, मोटारीची धडक बसली, असा जबर मार लागला की काही जखमींच्या अंगात हे विरघळविण्याचे काम भलत्याच वेळी आणि भलत्याच जोराने सुरू होते. इकडे जाळे विणले जाते, तिकडे उसवते. माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, पाणी मागतो. आणि पोटात नाहीतर छातीत रक्त साठतच जाते.

या पोखरणाऱ्याला आवरणारे औषध उताको आणि शोसुके ओकामोतो या जपानी दांपत्याने शोधून काढले. महायुद्धानंतरचे ते दिवस. पैसा नाही, साधने नाहीत. रक्तावरच काम करायचे त्यांनी ठरविले, त्याचे एक कारण मोठे गमतीचे आहे. रक्त कमी पडले तर स्वतःचेच वापरता येत होते! १९६२ साली त्यांनी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड जगापुढे मांडले. नाव जिभेला जड, पण काम समजायला सोपे. प्लाझ्मिनला ते जाळ्यावर पाय रोवू देत नाही. नवी गुठळी ते बनवीत नाही, झालेली टिकवून धरते, एवढेच.

उताकोबाईंच्या मनात होते ते बाळंतिणींना वाचविण्याचे. त्या वेळी डॉक्टरांनी ते फारसे मनावर घेतले नाही. अपघातातल्या जखमींसाठी या औषधाची मोठी परीक्षा झाली ती थेट २०१० साली. ४० देशांतली २७४ रुग्णालये तीत होती, आपल्या देशातलीही होती, आणि जखमी होते वीस हजारांवर. निम्म्यांना औषध दिले, निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी. कोणाला काय मिळाले हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. औषध मिळालेल्यांत शेकडा १४.५ दगावले, न मिळालेल्यांत १६.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा फरकाचे कौतुक ते काय? खरे कौतुक पुढे आहे. पुढच्या वर्षी घड्याळ समोर ठेवून हाच हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा दिसले की मार लागल्यापासून तासाच्या आत औषध मिळालेल्यांत रक्तस्रावाने मरणारे शेकडा ७.७ वरून ५.३ वर आले. एक ते तीन तासांत दिले तर फायदा झाला, पण कमी. आणि तीन तास उलटल्यावर दिले तर उलटेच झाले, असे मृत्यू वाढले! २०१८ साली आणखी एक हिशेब निघाला: दर पंधरा मिनिटांच्या उशिराला फायद्याचा सुमारे दहावा हिस्सा गळून पडतो.

म्हणजे जखमीला औषधापर्यंत नेण्यापेक्षा औषधच जखमीपर्यंत नेले पाहिजे, हे ओघाने आले. ब्रिटनमध्ये रुग्णवाहिकेतले शिकलेले कर्मचारी हे औषध वाटेतच शिरेतून देतात. मात्र याला कोणी संजीवनी समजू नये. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि जर्मनी इथे वाटेतच औषध दिलेल्या जबर जखमींचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी आपले आपण नीट हिंडू-फिरू शकणाऱ्यांची संख्या औषधाने वाढलेली नव्हती. फाटलेली मोठी शीर शेवटी शस्त्रक्रियेनेच शिवावी लागते, आणि डोक्याचा मार औषधाने भरून येत नाही. तरीही स्वस्त, जुने, साठवायला सोपे असे हे औषध वेळेवर मिळणे मोलाचे आहे, असेच मला वाटते.

आपल्या हाती काय? याच्या गोळ्याही मिळतात, पण अपघातात त्या पाजू नका. सुई देण्याचे काम जाणत्याचे आहे. आपण स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरावी. थांबले का म्हणून सारखे उचलून पाहू नये. हळद, चुना, तंबाखू काही भरू नये. दाबत असतानाच दुसऱ्या कोणाला १०८ ला फोन करायला सांगावे.

आणि अपघाताची वेळ लिहून ठेवावी. हे काम गुरुजींनी अंगावर घ्यावे, त्यांच्या खिशाला पेन असतेच. कागद नसेल तर जखमीच्या हातावर लिहा. तीन तास झाले की नाहीत, हे डॉक्टरांना त्यावरूनच कळते. नुसते 'सकाळी लागले' म्हणून भागत नाही. घड्याळ नसले तर 'प्रार्थनेची घंटा झाली तेव्हा', 'मुक्कामाची एस.टी. सुटली तेव्हा' असे सांगा. डॉक्टर हिशेब करतील.