२० वर्षांनी पुन्हा मॉडेल कार जोडायला बसताय? आधी माळ्यावरच्या खोक्यात काय झालंय ते बघा

शाळा-कॉलेजात असताना प्लास्टिकच्या मॉडेल कार जोडणारे कित्येक जण चाळिशीच्या आसपास पुन्हा या छंदाकडे वळतात. मधली वर्षं नोकरी, घर आणि मुलंबाळं यात गेलेली असतात. मग एक दिवस माळा आवरताना जुना खोका हाती लागतो. आत अर्धवट जोडलेली गाडी असते आणि ती आजच पूर्ण करावीशी वाटते.

घात इथेच होतो. कारण बंद खोक्यातही २० वर्षं बरंच काही घडत असतं.

मॉडेल कार म्हणजे नेमकं काय?

ही तयार खेळण्यातली गाडी नाही. किटमध्ये पॉलिस्टायरीन नावाच्या कडक प्लास्टिकचे सुटे भाग फ्रेमला चिकटलेले येतात. ते कापायचे, घासायचे, रंगवायचे आणि जोडायचे. सर्वाधिक चालणारी मापं दोन: १:२४ आणि १:२५. १:२४ म्हणजे खऱ्या गाडीचा एक फूट मॉडेलवर अर्धा इंच होतो. या मापात आपली मारुती ८०० जेमतेम १४ सेंटिमीटरची होईल.

अमेरिकेत या छंदाचं मूळ शोरूममध्ये सापडतं. १९५० च्या दशकात कार कंपन्यांचे डीलर नव्या गाडीच्या छोट्या प्रतिकृती ग्राहकांना द्यायचे. त्या बनवणाऱ्या एएमटी कंपनीने १९५८ मध्ये घरी जोडायची किट बाजारात आणली. एकाच खोक्यातून साधी, सजवलेली किंवा रेसिंगची, यांपैकी हवी ती गाडी बनवता यायची. पुढे जपानच्या तामिया कंपनीने अचूकपणात नाव कमावलं. १९७० च्या दशकात पोर्शेचं किट करताना तामियाने चक्क खरी पोर्शे ९११ विकत घेऊन तिचे भाग सुटे केले होते.

बंद खोक्यात काय बिघडतं?

पॉलिस्टायरीन अंधारात आणि थंड जागी वर्षानुवर्षं टिकतं. बिघडतात त्याच्या सोबतच्या वस्तू.

*टायर:* ही सगळ्यात अनपेक्षित अडचण. किटचे टायर बहुतेकदा मऊ पीव्हीसीचे असतात. ते मऊ राहावेत म्हणून त्यात घातलेलं रसायन हळूहळू बाहेर झिरपतं आणि शेजारच्या पॉलिस्टायरीनला विरघळवतं. टायर गाडीच्या बॉडीला किंवा काचांना टेकून राहिले असतील, तर तिथे चावा घेतल्यासारखा खड्डा पडतो. म्हणून खोका उघडल्यावर पहिलं काम म्हणजे टायर काढून वेगळ्या पिशवीत ठेवणं.

*डीकल:* म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायचे स्टिकर. ते पिवळे पडतात, त्यांची पातळ फिल्म ठिसूळ होते आणि पाण्यात टाकताच तिचे तुकडे होतात. नको असलेला एक डीकल आधी भिजवून पाहावा. तो फुटला, तर उरलेल्या शीटवर पारदर्शक लॅकरचा पातळ हात द्यावा. त्यानंतर मात्र प्रत्येक डीकल कडेने नेमका कापावा लागतो, कारण संपूर्ण शीट आता एकसंध झालेली असते.

*गोंद:* मॉडेलचा गोंद नुसता चिकटवत नाही. तो दोन्ही कडांचं प्लास्टिक किंचित विरघळवतो आणि कडा एकजीव होतात. त्यातला द्राव उडून गेला की ट्यूब निकामी. नवीनच घ्यावी. काचांसाठी मात्र हा गोंद वापरू नये आणि सुपरग्लू तर नाहीच, कारण त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते. तिथे फेविकॉलसारखा पांढरा गोंद चालतो, तो वाळल्यावर पारदर्शक होतो.

*वाकलेली बॉडी:* माळ्यावरच्या उन्हाळ्यात हेही होतं. गरम पाण्यात, उकळत्या नव्हे, धरून हळूहळू सरळ करता येते.

जुना रंग, नवा रंग

अनेकांची गाडी रंगाच्या टप्प्यावर फसते. त्यामागे साधं रसायनशास्त्र आहे. इनॅमल हा ऑइलपेंटच्या जातीचा रंग. लॅकरमधला द्राव त्याच्यापेक्षा जहाल असतो. लॅकरवर इनॅमल चालतं, पण इनॅमलवर लॅकरचा फवारा मारला की खालचा थर फुगतो आणि सुरकुत्या पडतात. शाळेच्या वयात बॉडीला इनॅमल लावलेलं असेल आणि आज त्यावर लॅकरचा स्प्रे कॅन मारला, तर हेच होईल.

जुना रंग कुठला ते आठवत नसेल, तर तो काढून टाकणं उत्तम. नवा रंग लावण्याआधी भाग साबणाच्या पाण्याने धुवावेत, कारण साच्यातून भाग सुटावा म्हणून वापरलेला तेलकट पदार्थ त्यावर राहिलेला असू शकतो. मग प्रायमर आणि त्यानंतर रंगाचे पातळ हात. प्रत्येक नवा रंग आधी प्लास्टिकच्या चमच्यावर मारून पाहावा.

मुंबई-कोकणातल्यांनी पावसाळ्यात स्प्रे शक्यतो टाळावा. लॅकरचा द्राव झपाट्याने उडतो, पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ ओल्या रंगावर धरते. चकचकीत काळी गाडी दुधाळ दिसू लागते.

आणखी एक गोष्ट लहानपणी कुणी सांगितली नसेल: या वाफा फुफ्फुसांसाठी वाईट आणि पेट घेणाऱ्या असतात. कापडी मास्क त्या अडवत नाही, रासायनिक वाफांसाठीचा कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. खिडकी उघडी हवी आणि जवळपास गॅसची शेगडी किंवा पेटती समई नको. घरात लहान मूल असेल तर ब्रशने लावायचे पाण्याचे ॲक्रिलिक रंग बरे.

हात तेच, डोळे वेगळे

चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होत जातं आणि जवळचं धूसर दिसू लागतं. त्यामुळे पूर्वी सहज बसणारा आरसा आता तीनदा हातातून पडतो. कौशल्य गेलं असं वाटतं, पण बऱ्याचदा चष्म्याचा नंबर आणि उजेड एवढाच प्रश्न असतो. डोक्याला लावायचं भिंग आणि टेबलावरचा चांगला दिवा हा महागड्या किटपेक्षा चांगला खर्च आहे.

बिघडलंच तर?

किटचे भाग पोलादी साच्यातून निघतात आणि साचे टिकले तर तेच किट अनेक वर्षांनी पुन्हा छापलं जातं. एएमटीचा ब्रँड आता राउंड २ या अमेरिकन कंपनीकडे आहे आणि ती कित्येक जुनी किट त्याच धाटणीच्या खोक्यात पुन्हा आणते. साचा झिजलेला असला तर भागांच्या कडेला प्लास्टिकची पातळ झालर येते, ती पॉलिश पेपरने घासून काढावी लागते. पण साचा शिल्लक नसेल, तर माळ्यावरच्या खोक्यातला मोडलेला बंपर पुन्हा सहज मिळत नाही.

म्हणूनच परतल्यावर पहिली गाडी ती नसावी. पहिली गाडी स्वस्त, कमी भागांची आणि शक्यतो इंजिन नसलेली घ्यावी. तामियाच्या १:२४ मालिकेत अशी बरीच किट आहेत. त्यावर रंग ओघळला, काच डागाळली तरी काही बिघडत नाही. तोवर आणखी पाच किट मागवायचा मोहही आवरावा. किट विकत घेणं आणि किट पूर्ण करणं हे दोन वेगळे छंद आहेत.

एखादी-दुसरी गाडी कपाटात उभी राहिली की मग जुना खोका टेबलावर घ्यावा. इतकी वर्षं थांबलेल्या त्या गाडीला आणखी दोन महिन्यांनी काही होत नाही. फक्त टायर आजच वेगळे करून ठेवावेत.