शिसेबद्ध काचखिडक्यांचे जतन

शिसेबद्ध काचखिडक्यांचे जतन म्हणजे ऐतिहासिक सार्वजनिक वास्तूंमधील, काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडून घडविलेल्या शोभिवंत खिडक्यांची देखभाल व दुरुस्ती होय. मूळ काच, तिच्यावरील रंगकाम व शिसे शक्य तितके टिकविणे हे या कामाचे मुख्य तत्त्व आहे.

रचना

शिशाच्या पट्टीचा छेद इंग्रजी 'एच' अक्षरासारखा असतो. तिच्या खाचांत काच बसवून सांध्यांना डाख देतात आणि फटींत जवसाचे तेल व खडूची पूड यांची पुट्टी भरतात. वाऱ्याचा दाब सोसण्यासाठी मोठी तावदाने तांब्याच्या तारेने आडव्या गजांना बांधतात. चेहरे, वस्त्रांच्या चुण्या असे बारकावे काचेवर रंगवून भट्टीत भाजलेले असतात.

ऱ्हासाची कारणे

उन्हाने प्रसरण व गारव्याने आकुंचन पावून मऊ शिसे कालांतराने सांध्यांजवळ चिरते. पुट्टी सुकून गळते व तावदानाला फुगवटा येतो. लोखंडी गज गंजून फुगल्यास दगडी चौकटही तडकते. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत हे लवकर घडते. नीट न भाजलेला रंग ओलाव्याने सुटतो.

जतनाची पद्धत

प्रथम छायाचित्रे घेतात व कागदावर घासून शिशाच्या रेषांचा ठसा उतरवितात. प्रत्येक तुकड्याला क्रमांक दिल्यामुळे तो पुन्हा मूळ जागीच बसविता येतो. धूळ मऊ कुंचल्याने काढतात. आम्ल किंवा खरखरीत घासणी वापरल्यास रंगकाम नष्ट होऊ शकते आणि गेलेली रेषा परत मिळत नाही. फुटलेली काच न बदलता पारदर्शक चिकटद्रव्याने सांधता येते. नवा तुकडा अपरिहार्य असल्यास त्याची नोंद ठेवतात. जुन्या पट्ट्यांवरून कारागिरीचा काळ व पद्धत समजत असल्याने सर्व शिसे बदलणे हा शेवटचा उपाय मानला जातो. बाहेरून संरक्षक काच लावताना हवा खेळती ठेवावी लागते. अन्यथा मधल्या पोकळीत बाष्प साचते. शिसे विषारी असल्याने कारागिरांना त्याची धूळ व वाफ यांपासून जपावे लागते.

मुंबईतील उदाहरण

मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय व राजाबाई मनोरा यांचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी केला. १८६९ मध्ये सुरू झालेले बांधकाम १८७८ मध्ये पूर्ण झाले. २०१३ ते २०१५ या काळातील जीर्णोद्धारात येथील रंगीत काचकामाचेही जतन करण्यात आले. २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसास्थळ म्हणून घोषित केलेल्या मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहात या इमारतींचा समावेश आहे.