तुरीचे मातृकुळ आणि माळावरचे भाऊबंद

धाराशिव जिल्ह्यात खरिपात सोयाबीनच्या ओळींमधून तुरीचे आंतरपीक घेण्याची पद्धत रूढ आहे. घरच्या डाळीची सोय आणि चार पैशांची मिळकत अशी दोन्ही कामे हे पीक करते. परंतु मर व वांझ हे रोग आणि शेंगा पोखरणारी अळी यांमुळे डोळ्यांदेखत पीक हातचे जाते, हा अनुभव शेतकऱ्यास नवा नाही. या शत्रूंशी झुंजण्याचे बळ पैदासकार जेथे जेथे शोधतात, त्यांपैकी एक ठिकाण म्हणजे तुरीचे रानटी भाऊबंद होत. त्यांचे तुरीशी नाते किती जवळचे, हे ठरविण्यास पानातील हिरव्या कणांचा उपयोग होतो.

या कणांस हरितलवक म्हणतात. सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करणे हे त्यांचे कार्य होय. विशेष असा की, बहुतेक पिकांत ते केवळ मातेकडून संततीत उतरतात. परागातून येत नाहीत. अंगणातील गुलबक्षीवर कार्ल कोरेन्स या जर्मन शास्त्रज्ञाने १९०९ साली हे दाखवून दिले. हिरव्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या झाडावरील पांढऱ्या फांदीच्या बियांपासून पांढरीच रोपे उगवली, हिरव्या फांदीच्या बियांपासून हिरवी. पराग कोणत्या फांदीचा होता, याने काहीही फरक पडला नाही.

हरितलवकाची स्वतःची आनुवंशिक लिपी असते. अशी संपूर्ण लिपी प्रथम १९८६ साली तंबाखू व लिव्हरवर्ट या वनस्पतींची वाचली गेली. तुरीची आणि तिच्या एका रानटी नातेवाइकाची, म्हणजे कॅजेनस स्कॅराबिऑइडिस या वेलीची, लिपी २०१६ साली प्रसिद्ध झाली. दोहोंची लांबी प्रत्येकी सुमारे १ लाख ५२ हजार अक्षरांची असून लांबीतील फरक शंभर अक्षरांहूनही कमी आहे. दोन वह्यांतील मजकूर इतका जुळावा, तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या हे उघड होते. जेथे अक्षरे बदलली, तेथून नात्याचे अंतर मोजता येते. मात्र हा पुरावा मातृकुळापुरताच असतो. पित्याकडील वारसा पाहण्यास पेशीच्या केंद्रकातील लिपी वाचावी लागते.

मातृकुळाचे महत्त्व संकरित बियाण्यात दिसून येते. ओडिशा व बस्तरच्या जंगलांतील कॅजेनस कॅजॅनिफोलियस ही रानतूर माता म्हणून घेऊन तिच्या संततीचा पिढ्यान्‌पिढ्या लागवडीच्या तुरीशी संकर केला असता, झाड तुरीचे राहते, परंतु त्याचा पराग निष्फळ होतो. यास नरवंध्यत्व म्हणतात. वांझ रोगाशी त्याचा संबंध नाही. हा गुण हरितलवकात नव्हे, तर त्याच्यासारख्याच मातेकडून येणाऱ्या तंतुकणिकेत असतो. अशा झाडांवर मधमाश्या दुसऱ्या वाणाचा पराग आणतात व संकरित बी तयार होते. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेचा आयसीपीएच-२६७१ हा संकरित वाण याच मार्गाने निर्माण होऊन २०१० साली मध्य प्रदेशात प्रसारित झाला.

यावरून शेतकऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. संकरित तुरीच्या पिकातील दाणे पुढील वर्षी बियाणे म्हणून ठेवू नयेत, कारण त्यांत गुणांची फाटाफूट होते. बदनापूर संशोधन केंद्राच्या बीएसएमआर-७३६ सारख्या सरळ वाणाचे बी घरचे ठेवता येते. परंतु मधमाश्या शेजारच्या शेतातील पराग आणतात, म्हणून ते बांधाकडेचे न घेता शेताच्या मध्यभागातील निरोगी झाडांचे घ्यावे.

दुसरी गोष्ट माळरानाची. स्कॅराबिऑइडिस ही वेल महाराष्ट्रातील गवताळ माळांवर व कुंपणांत आढळते. तिची पाने तुरीप्रमाणे त्रिदली पण लहान, फुले पिवळी व शेंगा लवदार असतात. तिच्यात शेंगा पोखरणाऱ्या अळीस दाद न देण्याचा गुण आहे आणि तुरीशी तिचा संकर होऊ शकतो. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी अशी वेल आढळल्यास ती जागा नांगरली वा जाळली जाण्यापूर्वी जवळच्या कृषी संशोधन केंद्रास कळवावे. प्रयोगशाळेत लिपी वाचता येते. परंतु मुळासकट नाहीशी झालेली वेल त्या लिपीवरून पुन्हा उगवीत नाही.