हॉपचा सुवास कोठें जातो?

कोणतीहि पाककृति कागदावर उतरवून घेणें फारसें अवघड नसतें. अवघड असतें तें ती सुधारणें. पहिल्या खेपेस पदार्थ बरा उतरला कीं करणाऱ्याला हुरूप येतो आणि पुढच्या खेपेस तो एकदम चार फरक करून बसतो. मग पदार्थ बिघडला तर दोष कशाचा, आणि साधला तर श्रेय कशाचें, हें कळावयास मार्ग राहत नाहीं. अमेरिकेंत हौसेनें घरीं बिअर तयार करणाऱ्या लोकांना हा अनुभव नेहमींचा आहे. हॉपच्या सुवासाबद्दल नांवाजलेल्या ‘अमेरिकन पेल एल’ या बिअरविषयीं तर त्यांची एक ठराविक तक्रारच असते: कडूपणा भरपूर आला, पण सुवास कोठें गेला?

या हौसेला तेथें कायद्याची मान्यता उशिरां मिळाली. १९२० ते १९३३ या काळांत अमेरिकेंत देशव्यापी दारूबंदी होती. ती उठल्यावर घरगुती द्राक्षमद्याला मोकळीक मिळाली. घरगुती बिअर मात्र वगळलीच गेली. ही उणीव ऑक्टोबर १९७८ मध्यें अध्यक्ष जिमी कार्टर यांनीं स्वाक्षरी केलेल्या कायद्यानें भरून निघाली व तो फेब्रुवारी १९७९ पासून अंमलांत आला. दोन किंवा अधिक प्रौढ माणसें असलेल्या कुटुंबाला वर्षांत २०० गॅलन, म्हणजे सुमारें ७५७ लिटर बिअर, कर न भरतां घरच्यापुरती करतां येते. विकतां येत नाहीं. महाराष्ट्रांतील स्थिति अगदीं निराळी आहे. येथें १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणें परवान्यावांचून मद्य तयार करणें हा गुन्हा आहे. तेव्हां पुढील विवेचन अमेरिकन घरांतील प्रयोगाचें आहे, हें ध्यानांत ठेवावें.

हॉप ही एक वेल आहे. तिच्या मादी-फुलांच्या पाकळ्यांच्या बुडाशीं पिवळी, चिकट भुकटी असते. या भुकटींत दोन गोष्टी असतात: कडूपणा देणारी राळ आणि सुवास देणारीं तेलें. ‘कॅस्केड’ नांवाची हॉपची जात अमेरिकेच्या कृषिखात्याच्या ओरेगनमधील संशोधनांतून निघाली व १९७२ सालीं ती शेतकऱ्यांस लागवडीसाठीं देण्यांत आली. तिचा वास पपनसाच्या जातीच्या फळांची आणि फुलांची आठवण करून देणारा आहे. सॅन फ्रॅन्सिस्को येथील अँकर या कारखान्यानें १९७५ सालीं ती ‘लिबर्टी एल’मध्यें वापरली. पुढें कॅलिफोर्नियांतील चिको गांवीं, स्वतः घरीं बिअर करीत आलेल्या केन ग्रॉसमन यांनीं एका सहकाऱ्यासह ‘सिएरा नेवाडा’ हा कारखाना काढला आणि १९८० सालीं तेथें बिअर तयार होऊं लागली. त्यांच्या पेल एलचे पहिले कित्येक घाणे मनासारखे न उतरल्यामुळें त्यांनीं ओतून दिले. आज अमेरिकन पेल एल म्हटलें कीं जें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें, तें बव्हंशीं याच बिअरचें.

घरीं करावयाची साधारण कृति अशी असते. वीस लिटर बिअरसाठीं चार किलो फिकें माल्ट, म्हणजे मोड आणून वाळविलेली बार्ली, आणि अर्धा किलो क्रिस्टल माल्ट घेतात. क्रिस्टल माल्ट हें भाजून तांबूस केलेलें व कॅरॅमलसारखें गोडसर असतें. हें धान्य भरडून सुमारें ६६ अंश सेल्सियसच्या पाण्यांत तासभर ठेवलें म्हणजे धान्यांतील पाचक द्रव्यें पिठाची साखर करतात. चोथा गाळून काढलेला गोड काढा तासभर उकळतात. उकळीच्या आरंभीं ४० ग्रॅम कॅस्केड, शेवटचीं दहा मिनिटें उरलीं असतां ३० ग्रॅम, आणि चूल बंद करतांना आणखी ३० ग्रॅम घालतात. मग काढा निववून त्यांत यीस्ट सोडतात. काढ्याची आरंभींची घनता १.०५० च्या आसपास असली म्हणजे शेंकडा पांचाच्या सुमारास मद्यार्क उतरतो.

या कृतींत चुकीचें असें कांहींच नाहीं. तरीहि तक्रार उरते. तिचें उत्तर घड्याळांत आहे. हॉपच्या राळेंतील ‘अल्फा आम्लें’ मुळांत पाण्यांत नीट विरघळत नाहींत. उकळीच्या उष्णतेनें त्यांच्या रेणूंची रचना बदलते, तीं विरघळूं लागतात आणि मगच कडूपणा येतो. हा बदल सावकाश होतो. तासभर उकळल्यास अल्फा आम्लांचा सुमारें चौथा हिस्सा कामास येतो. दहा मिनिटांत बारावा हिस्साहि जेमतेम येतो. सुवासाच्या तेलांचा स्वभाव नेमका उलटा आहे. तीं उडून जाणारीं असल्यानें तासभराच्या उकळींत वाफेबरोबर बहुतेक नाहींशीं होतात. बासुंदी आटवितांना वेलदोड्याची पूड कोणी आरंभींच घालीत नाहीं, याचें कारणहि हेंच. कडूपणाला वेळ हवा आणि सुवासाला वेळ सोसत नाहीं, म्हणून एकाच वेळीं घातलेला हॉप दोन्ही कामें सारखीं करूं शकत नाहीं.

आतां सुधारणा सुचते ती अशी, कीं दहा मिनिटें उकळणारा ३० ग्रॅम हॉप उकळींतून काढावा, काढा ८० अंशांच्या खालीं आणावा, आणि मग तो हॉप त्यांत घालून वीस-पंचवीस मिनिटें झांकून ठेवावा. तेलें टिकतील, सुवास वाढेल. पण येथेंच हिशेबाची गरज पडते. बिअरचा कडूपणा मोजण्याचें एक मान आहे: एका लिटरांत रूपांतर झालेलें अल्फा आम्ल एक मिलिग्रॅम असलें म्हणजे एक अंक. कॅस्केडमध्यें शेंकडा सहा अल्फा आम्ल आहे असें धरल्यास पहिल्या ४० ग्रॅमांपासून वीस लिटरांत सुमारें २८ अंक मिळतात आणि दहा मिनिटांच्या ३० ग्रॅमांपासून सात-साडेसात. हा दुसरा हॉप उकळींतून काढला कीं बेरीज पस्तिसांवरून अठ्ठाविसांवर येते. कर्त्याला वाटतें कीं आपण केवळ सुवास वाढविला. वस्तुतः त्यानें कडूपणाहि कमी केलेला असतो. पुढें बिअर आवडली तर ती सुवासामुळें कीं सौम्यपणामुळें, हें सांगतां येत नाहीं. म्हणून आरंभींचा हॉप ४० ग्रॅमांवरून ५० ग्रॅमांवर न्यावयाचा. त्या दहा ग्रॅमांचे सात अंक गेलेली जागा भरून काढतात. कोमट काढ्यांतला हॉपहि थोडा कडूपणा देतोच, पण तो इतका अल्प असतो कीं तुलना बिघडत नाहीं.

दुसरी सुधारणा धान्यांतली. अर्धा किलो क्रिस्टल माल्टचा गोडवा हॉपच्या वासावर पांघरूण घालतो, आणि बिअर जुनी होऊं लागली कीं त्याच गोडव्याला शिळेपणाची छटा येते. तें पाव किलोवर आणावें. मात्र काढ्याची घनता ढळूं नये म्हणून तेवढेंच फिकें माल्ट वाढवावें. तिसरी सुधारणा पाण्याची. इंग्लंडांतील बर्टन-अपॉन-ट्रेंट या गांवची पेल एल नांवारूपास आली ती तेथील विहिरींच्या जिप्समयुक्त पाण्यामुळें. सल्फेटमुळें कडूपणा कोरडा व रेखीव लागतो, क्लोराइडमुळें बिअर भरदार व मऊ लागते. दहा लिटर पाण्यांत एक ग्रॅम जिप्सम घातल्यास सल्फेटचें प्रमाण लिटरला सुमारें ५६ मिलिग्रॅमनें वाढतें. परंतु नळाच्या पाण्यांत आधीं काय आहे हें पाहिल्यावांचून जिप्सम घालणें म्हणजे आमटी न चाखतां मीठ घालण्यासारखें आहे.

यीस्टकडे दुर्लक्ष करून हॉपवर खर्च करणारे हौशी लोकहि पुष्कळ. पेल एलचें यीस्ट १८ ते २० अंशांत निवांतपणें काम करतें. काढा त्याहून बराच तापला तर फळांच्या वासाचे आणि झोंबऱ्या मद्यार्काचे पदार्थ तयार होऊन हॉपचा सुवास झांकोळतो. उलट यीस्टचें काम पुरें होण्यापूर्वींच त्यास थंड केलें तर लोण्यासारखा वास मागें राहतो. उष्णमानाची एवढी काळजी घेतली तर हॉपचा एक कणहि न वाढवितां सुवास स्पष्ट झालेला पुष्कळदां आढळतो.

किण्वन संपत आल्यावर थंड बिअरमध्यें कोरडा हॉप घालण्याची रीति सुवासासाठीं सर्वांत प्रभावी आहे. वीस लिटरांना ६० ग्रॅम हॉप आणि तीन दिवस, हें प्रमाण घरगुती कृतीला पुरेसें होतें. अधिक घातला तर अधिक सुवास, हा समज मात्र फार दूरवर चालत नाहीं. ओरेगन राज्य विद्यापीठांतील संशोधकांनीं कॅस्केडवरच केलेले प्रयोग २०१८ सालीं प्रसिद्ध झाले. लिटरला आठ ग्रॅमांच्या पुढें गेल्यास वाढीव हॉपचा मोबदला घटत जातो आणि फळांच्या सुवासाऐवजीं पाल्याचा व चहासारखा वास पुढें येतो, असें त्यांत दिसून आलें.

कोरड्या हॉपपासून एक धोकाहि संभवतो. हॉपमध्यें अशीं पाचक द्रव्यें असतात, कीं जी साखर यीस्टला खातां आली नव्हती तिचे तीं तुकडे करतात आणि संपलेलें किण्वन पुनः सुरू होतें. ब्राउन आणि मॉरिस या इंग्रज शास्त्रज्ञांनीं ही गोष्ट १८९३ मध्येंच दाखवून दिली होती. हें न कळल्यानें घाईनें बुचें मारलेल्या बाटल्या वायूच्या दाबानें फुटूं शकतात व कांचेनें इजा होते. यावर उपाय साधा आहे: घनतामापकाचा अंक लागोपाठ कांहीं दिवस तोच राहिल्याखेरीज बाटल्या भरूं नयेत. बाटल्या भरतांना नळीचें टोंक तळाशीं ठेवावें आणि बिअर उंचावरून पडूं देऊं नये, कारण या टप्प्यावर मिसळलेला प्राणवायु सुवास सर्वांत आधीं हिरावून नेतो. हॉपचे पुडेहि हवाबंद करून गोठणपेटींत ठेवावे लागतात. कित्येकदां सुवास हरवलेला असतो तो चुलीवर नव्हे, तर महिनाभर उघड्या राहिलेल्या पुड्यांत.

इतक्या सुधारणा सांगितल्यावर त्या सर्व एकदम करण्याचा मोह होणें स्वाभाविक आहे. पण तसें केल्यास आरंभीं सांगितलेला घोटाळा पुनः उभा राहतो. एका घाण्यांत एकच फरक करावा, बाकीचें सर्व वहींत नोंदवून तसेंच ठेवावें, आणि मग जुनी व नवी बिअर शेजारीं ठेवून पाहावी. पाहणाऱ्याची जीभ मात्र निःपक्षपाती असावी लागते, आणि स्वतः केलेल्या पदार्थाबाबत तशी जीभ दुर्मिळ. ज्यानें दोन महिने खपून कृति बदलली, त्याला ती सुधारलेली लागणारच.

यासाठीं कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्यांत १९४० नंतरच्या दशकांत प्रचारांत आलेली एक कसोटी फार उपयोगी आहे. चाखणाऱ्यापुढें तीन पेले ठेवावयाचे. दोहोंत एक बिअर, तिसऱ्यांत दुसरी. रंगावरून ओळख पटूं नये म्हणून पेले अपारदर्शक असावेत. निराळा पेला कोणता, एवढेंच त्यानें सांगावयाचें. केवळ अंदाजानें सांगणाराहि तिनांतून एकदां बरोबर ठरतो. म्हणजे बारा जणांपैकीं चौघे सहज बरोबर येतील आणि त्यावरून कांहींच सिद्ध होणार नाहीं. बारांपैकीं आठांनीं किंवा अधिकांनीं बरोबर सांगितलें, तर मात्र तें नुसत्या अंदाजानें घडण्याचा संभव शेंकडा दोहोंहूनहि कमी असल्यानें फरक खरा मानण्यास हरकत नाहीं. थोड्या नमुन्यांवरून कितपत निष्कर्ष काढावा, या प्रश्नाचें गणितहि एका बिअरच्या कारखान्याशींच निगडित आहे. डब्लिनच्या गिनेस कारखान्यांतील विल्यम गॉसेट यांनीं १९०८ सालीं ‘स्टुडंट’ या टोपणनांवानें लिहिलेला त्यासंबंधींचा निबंध आज संख्याशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला परिचित आहे.

या कसोटीचा निकाल बहुधा मानहानिकारक लागतो. ज्या फरकाचा कर्त्याला अभिमान, तो कोणालाच जाणवत नाहीं; आणि सहज म्हणून चार अंश उतरविलेलें उष्णमान सर्वांच्या ध्यानांत येतें. परंतु कृतीचा खरा विकास येथूनच सुरू होतो. जो फरक जाणवत नाहीं त्यावरील खर्च व श्रम सोडून देतां येतात आणि जो जाणवतो त्यावर लक्ष एकवटतां येतें. पांच-सहा घाण्यांनंतर वहींत उरलेली कृति पहिल्या कृतीपेक्षां लांबलचक झालेली नसते. पुष्कळदां ती आंखूडच झालेली असते. पण तींतील प्रत्येक आंकडा तेथें कां आहे, हें आतां कर्त्याला सांगतां येतें.