हार्ड डिस्कची वीजगरज : शालेय दप्तराच्या संदर्भात

प्रस्तावना : बीदर जिल्ह्यातील चिटगुप्प्यासारख्या गावात उर्दू, कन्नड व मराठी या तिन्ही भाषा बोलल्या जातात. शाळांचे प्रवेश, निकाल व दाखले आता बहुतांशी संगणकावर असतात. हे दप्तर ज्या हार्ड डिस्कवर साठवले जाते, तिची विजेची गरज समजून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

विजेचे प्रमाण : संगणकातील एसएमपीएस २३० व्होल्टच्या विजेचे रूपांतर १२ व ५ व्होल्टमध्ये करतो. साडेतीन इंची डिस्कमध्ये १२ व्होल्टवर मोटर फिरते, तर ५ व्होल्टवर मुख्यतः सर्किट चालते. स्थिर तबकडीला मिनिटाला ७,२०० फेऱ्यांची गती देताना सुमारे २ अँपिअर, म्हणजे २४ वॅट लागतात. गती आल्यावर ५ ते ८ वॅट पुरतात. प्रयोगशाळेतील असे १० संगणक एकाच वेळी सुरू केल्यास केवळ डिस्कच क्षणभर २४० वॅट मागतात. इन्व्हर्टरवर ते एकामागून एक सुरू करणे इष्ट. एसएसडीमध्ये मोटर नसल्याने हा प्रश्न उद्‌भवत नाही.

बाह्य डिस्क : अडीच इंची डिस्क ५ व्होल्टवर चालते; पण सुरू होताना तिला साधारण १ अँपिअर लागू शकतो. यूएसबी २.० चे प्रमाण अर्धा अँपिअर, तर ३.० चे ०.९ अँपिअर आहे. वीज अपुरी पडली की डिस्क टक-टक आवाज करते, पण उघडत नाही. अशी डिस्क निकामी समजून टाकून देऊ नये. हब काढून आखूड केबलने ती थेट संगणकाला जोडून पाहावी. तरीही आवाज येत राहिल्यास मात्र वारंवार प्रयत्न न करता जाणकाराला दाखवावी.

वीज गेल्यास : तबकडी गतीमुळे काही क्षण फिरत राहते. त्या अवस्थेत मोटरच जनित्राचे काम करते व त्या विजेवर हेड सुरक्षित जागी नेले जाते. डिस्क बहुधा वाचते. परंतु तात्पुरत्या स्मृतीतील, तबकडीवर न लिहिलेला मजकूर नष्ट होतो. अर्धवट लिहिलेली फाइलही बिघडू शकते.

निष्कर्ष : चालू हार्ड डिस्कला एखाद्या एलईडी दिव्याइतकीच वीज पुरते, मात्र ती अखंड मिळावी लागते. यूपीएसवर मिळणारी काही मिनिटे काम लांबवण्यासाठी नसून, ते जतन करून संगणक रीतसर बंद करण्यासाठी आहेत. दप्तराची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या ठिकाणी ठेवावी. विद्यार्थ्याचा दाखला एका तबकडीच्या भरवशावर असू नये.