हृदयविकाराचा झटका : वेळेचा आणि पैशांचा हिशेब

हृदयरोग विभागास मिळालेल्या देणग्यांचा तपशील जमाखर्चाच्या पानांवर दिलेलाच आहे. परंतु त्या रकमेतून रुग्णाच्या पदरात नेमके काय पडते, हे आकड्यांवरून कळत नाही. आम्ही वैद्यक शाखेचे नव्हे, कचेरीत बसणारे. तरीही दाखल-खिडकीपाशी जे रोज दिसते, त्या आधारे हा विषय आमच्या हितचिंतकांपुढे व रुग्णांच्या आप्तेष्टांपुढे मांडीत आहोत.

हृदयाच्या स्नायूस रक्त पुरविणाऱ्या धमनीत वर्षानुवर्षे मेदाचा थर साचतो. तो थर एखाद्या क्षणी फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि प्रवाह थांबतो. त्यानंतर अर्ध्या तासाच्या आसपास स्नायू मृत होऊ लागतो. सहा तासांत त्यातील वाचविण्याजोगा बराचसा भाग हातचा जातो. मेलेला स्नायू पुन्हा निर्माण होत नाही. म्हणूनच 'पित्त झाले असेल, सकाळी पाहू' हे वाक्य आम्हांस फार महागडे वाटते. मधुमेही, वृद्ध व स्त्री रुग्णांत तर पुष्कळदा छातीत कळ येतच नाही. केवळ दम लागतो, घाम फुटतो, गळून गेल्यासारखे होते.

या गुठळीवरील उपचारांचा इतिहास फार जुना नाही. १९७७ साली झुरिच येथे डॉ. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी जागृत रुग्णाच्या हृदयधमनीत फुगा फुगवून ती रुंद केली. पुढे १९८८ साली 'आयसिस-२' या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १६ देशांतील ४१७ रुग्णालयांतील १७,१८७ रुग्ण तीत सहभागी होते. ॲस्पिरिन व गुठळी विरघळविणारे स्ट्रेप्टोकायनेज यांपैकी काहीच न मिळालेल्यांत पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने दगावणाऱ्यांचे प्रमाण शेकडा १३ होते. दोन्ही मिळालेल्यांत ते ८ वर आले. त्यांतील ॲस्पिरिनची गोळी काही पैशांची! वाणिज्य शाखेच्या माणसास याहून किफायतशीर गुंतवणूक ठाऊक नाही. (अर्थात ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी; रक्तस्रावाचा विकार वा ॲलर्जी असणाऱ्यास ती अपायकारक ठरू शकते.)

आज निदानानंतर दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होऊ शकत असेल, तर ती श्रेयस्कर मानतात. तालुक्याच्या गावाहून ते शक्य नसल्यास तेथेच गुठळी विरघळविणारे इंजेक्शन देऊन रुग्णास पुढे पाठविणे हिताचे. ईसीजी मात्र पहिल्या दहा मिनिटांत निघाला पाहिजे. छोट्या दवाखान्यातील ईसीजी यंत्रासाठी दिलेली देणगी म्हणूनच आम्हांस मोलाची वाटते.

स्टेंटविषयीही दोन शब्द. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र शासनाने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरविली. त्यापूर्वी असे अनेक स्टेंट लाखाच्या पुढे विकले जात. ही किंमत नंतर वेळोवेळी बदलली आहे. मात्र प्रत्येक अडथळ्यास स्टेंट हवाच असे नाही. झटका आलेला नसून आजार स्थिर असलेल्या ५,१७९ रुग्णांवरील 'इस्केमिया' चाचणीत (२०१९), औषधांबरोबर आरंभीच अँजिओप्लास्टी वा बायपास करण्याच्या धोरणाने मृत्यूचे प्रमाण घटल्याचे दिसले नाही. छातीतील त्रास मात्र अनेकांचा कमी झाला. रुग्णालयाच्या व्यवस्थापकाने हे लिहावे याचे कोणास नवल वाटेल, पण दात्यांचा पैसा जपून वापरणे हेही आमचेच काम आहे.

विलंबाचे एक कारण वैद्यकीय नसून आर्थिक आहे. नातेवाईक आधी पैशांची जुळवाजुळव करतात, मग रुग्णास आणतात. त्यांच्यासाठी स्पष्ट नमूद करतो : मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी व १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. तातडीच्या रुग्णाकडून अनामत रक्कम मागता येत नाही. शिधापत्रिका अथवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला वैद्यकीय समाजसेवकाकडे नंतर आणून दिला तरी चालेल. रुग्णास आधी आणावे. त्यासाठी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते.